सतरा ध्येये आणि आपला पाडा
(कार्यकर्त्यांसाठी अभ्यास लेख)

गेल्या वर्षी जव्हारच्या बाजूच्या एका ग्रामपंचायतीत बैठकीसाठी गेले होते. कार्यालयाच्या भिंतीवर शाश्वत विकासाच्या सतरा ध्येयांचे सतरा रंगीत चौकोन नुकतेच रंगवलेले होते. बैठक सुरू व्हायला वेळ होता, म्हणून मी जमलेल्या बायकांना एकेक चौकोन समजावून सांगू लागले. सहाव्या चौकोनापाशी आले, पाण्याचा नळ दाखवला, तेव्हा वरच्या पाड्यावरच्या एका आजींनी विचारले, “ताई, याच्यात आमचा झिरा कुठं आहे?”

मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या पाड्यावर दोन वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेने पुढाकार घेऊन हातपंप बसवून घेतला होता. अहवालात आम्ही “सहावे ध्येय साध्य” असे लिहिलेही होते. पण त्या बोअरच्या पाण्याने चहा काळा पडायचा आणि डाळ शिजायची नाही. बायका पुन्हा झिऱ्यावरच जात होत्या. त्यांना विचारले असते तर त्यांनी झिऱ्याची दुरुस्ती सांगितली असती. आम्ही विचारले नव्हते.

हा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे. जगाने ठरवलेली ध्येये ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कशी उतरतात, कायद्याने ग्रामसभेच्या हातात काय दिले आहे, आणि आपण कार्यकर्त्यांनी त्यात कुठे हात लावावा व कुठे मागे राहावे, हे आपण क्रमाने पाहू. महिन्याच्या अभ्यास बैठकीत हा लेख वाचून शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी, ही विनंती.

ध्येये आली कुठून?

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत जगातील देशांनी एकमताने १७ ध्येये स्वीकारली. त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत आणि ती गाठण्यासाठी २०३० सालापर्यंतची मुदत ठरवली आहे. गरिबी व भूक संपवणे, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पाणी, ऊर्जा, रोजगार, विषमता कमी करणे, हवामान बदल, जंगल व जैवविविधता, न्याय देणाऱ्या संस्था असे विषय त्यांत येतात. या सगळ्यांमागचे मुख्य वचन एकच आहे: कोणालाही मागे ठेवायचे नाही.

शाश्वत म्हणजे टिकणारा. आजची गरज भागवताना उद्याच्या पिढीच्या वाट्याचे संपवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या लोकांना ही कल्पना नवी नाही. कंद खणताना वेलाचा भाग परत मातीत पुरून ठेवणारा माणूस हेच करत असतो.

सतराचे नऊ का झाले?

सतरा ध्येये देशांसाठी लिहिलेली आहेत. ग्रामपंचायतीला ती जशीच्या तशी राबवणे अवघड. म्हणून केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने त्यांची सांगड घालून गावासाठी नऊ संकल्पना ठरवल्या. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा आता या नऊ संकल्पनांच्या आधारे करायचा असतो. महाराष्ट्रात आराखड्याची ही पद्धत “आमचं गाव, आमचा विकास” या नावाने सुरू झाली, हे अनेकांना आठवत असेल.

नावे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक संकल्पनेला पाड्यावरचा एकेक प्रश्न जोडला, तर ती लगेच समजते. आम्ही बैठकीत पुढील प्रश्न वापरतो.

१. गरिबीमुक्त व उपजीविका वाढवणारे गाव: दिवाळीनंतर किती घरे जगायला बाहेर पडतात?
२. आरोग्यदायी गाव: रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, आणि तिथपर्यंत आजारी माणसाला कसे नेतात?
३. बालस्नेही गाव: अंगणवाडीच्या वाटेत ओढा आहे का? पावसाळ्यात मुले किती दिवस पोचत नाहीत?
४. जलसमृद्ध गाव: मार्च ते जून पाणी कुठून आणता?
५. स्वच्छ व हरित गाव: शौचालय आहे, पण त्यात पाणी आहे का? रानाला वणवा किती वेळा लागला?
६. पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव: कोणत्या पाड्याला अजून रस्ता किंवा वीज नाही?
७. सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव: रेशनकार्ड, जातीचा दाखला, निराधार पेन्शन यांपैकी काहीच नसलेली माणसे कोण?
८. सुशासन असलेले गाव: मागच्या वर्षीचा खर्च ग्रामसभेत वाचून दाखवला का?
९. महिलास्नेही गाव: महिला सभा खरोखर झाली का, आणि तिथे ठरलेले पुढे गेले का?

एक गोष्ट लक्षात ठेवावी. या नऊ नावांत “जंगल” हा शब्द नाही. पण आदिवासी गावाची उपजीविका, औषध, पाणी, देव आणि सण जंगलाशी बांधलेले असतात. म्हणून वनहक्काचे काम पहिल्या आणि पाचव्या संकल्पनेत आवर्जून लिहून घ्यावे. रकाना नाही म्हणून विषय राहून जाऊ देऊ नये.

सरासरीत पाडा बुडतो

आता या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडची ग्रामपंचायत बहुधा गट ग्रामपंचायत असते. दोन-तीन महसुली गावे आणि त्यांचे आठ-दहा पाडे मिळून एक पंचायत. समजा दहापैकी नऊ पाड्यांवर नळ आला. कागदावर ती पंचायत नव्वद टक्क्यांवर गेली. अधिकारी समाधानी, सरपंच समाधानी. पण जो एक पाडा राहिला, तो बहुतेक वेळा सर्वांत उंचावरचा, सर्वांत लांबचा आणि बोलणारे माणूस नसलेला असतो. पुष्कळदा तो कातकऱ्यांचा असतो. “कोणालाही मागे ठेवायचे नाही” हे वचन त्या दहाव्या पाड्यासाठीच आहे. नव्वद टक्के गुण मिळवूनही ते मोडलेले असू शकते.

केंद्र सरकारने पंचायतींची प्रगती मोजण्यासाठी या नऊ संकल्पनांवर आधारलेला निर्देशांक तयार केला आहे. २०२२-२३ च्या माहितीवरून केलेली पहिली मोजणी २०२५ मध्ये जाहीर झाली. त्यात देशातील दोन लाख सोळा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची माहिती होती. सर्वांत वरच्या श्रेणीत एकही पंचायत बसली नाही. दुसऱ्या श्रेणीत ६९९ बसल्या. ही मोजणी उपयोगाची आहे, कारण आपण कुठे उभे आहोत ते कळते. परंतु ही माहिती पंचायतीच्या कार्यालयातूनच भरली जाते, आणि आकडा पूर्ण पंचायतीचा असतो, पाड्याचा नसतो. म्हणून आपण आपल्या वहीत पाडावार नोंद ठेवावी. हे काम दुसरे कोणी करणार नाही.

कायद्याने हातात काय दिले आहे?

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले आणि अकराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी २९ विषय दिले गेले. पण पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्राला ही दुरुस्ती आपोआप लागू होत नव्हती. त्यासाठी दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींनंतर २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा कायदा झाला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. आपल्या राज्यात पालघरपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांत कमी-अधिक अनुसूचित क्षेत्र आहे.

पेसा कायद्यातील चार गोष्टी आपल्या विषयासाठी नीट समजून घ्याव्यात.

पहिली: गाव म्हणजे महसुली नोंदीतले गाव असे नाही. जी वस्ती, पाडा किंवा वस्त्यांचा समूह आपल्या रूढी-परंपरेनुसार आपला कारभार चालवतो, तो गाव होऊ शकतो. त्या पाड्याच्या मतदारांनी ठराव करून तो प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. एकदा पाडा गाव म्हणून जाहीर झाला, की त्याची स्वतःची ग्रामसभा होते. दहाव्या पाड्याला आवाज मिळण्याचा हा सर्वांत भक्कम मार्ग आहे.

दुसरी: विकासाची योजना राबवण्याआधी तिला ग्रामसभेची मंजुरी लागते. लाभार्थी निवडण्याचे कामही ग्रामसभेचे.

तिसरी: निधी ठरलेल्या कामावर खर्च झाला, याचे प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचे असते. म्हणजे हिशेब विचारणे हा उद्धटपणा नाही, ते ग्रामसभेचे कर्तव्य आहे.

चौथी: गौण वनोपज आणि लहान जलसाठे यांवरचा ग्रामसभेचा अधिकार.

याच्या जोडीला २००६ चा वनहक्क कायदा आहे. वैयक्तिक दाव्यांबद्दल सर्वांना माहिती असते. सामूहिक वनहक्काबद्दल कमी. त्याहून कमी माहिती असते ती कलम ३(२) ची. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पिण्याच्या पाण्याची योजना, लहान तळी अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागता कामा नयेत. “जागा वनखात्याची आहे, काही होणार नाही” असे उत्तर मिळाले, की हे कलम शांतपणे पुढे ठेवावे.

पैसा कुठून येतो?

वित्त आयोगाचे अनुदान थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवली होती आणि ४० टक्के रक्कम गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी होती. महाराष्ट्रात २०१५ च्या निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना दिला जातो. पायाभूत सुविधा, पेसा व वनहक्काची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता व शिक्षण, आणि जलसंधारण, वन्यजीव व वनउपजीविका अशा विषयांवर ग्रामसभेने ठरवलेल्या कामांसाठी तो वापरायचा असतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. अंगमेहनतीच्या कामांसाठी रोजगार हमी आहे.

तात्पर्य, पैसा अगदीच नाही असे नसते. तो कशावर खर्च व्हावा हे आधी कोणी ठरवले, हा प्रश्न असतो. आराखडा तालुक्याच्या गावी संगणकापुढे बसून मागच्या वर्षीच्या यादीवरून भरला, तर त्यात पेव्हर ब्लॉक आणि संरक्षक भिंती येतात. झिरा येत नाही.

झिऱ्यापासून आराखड्यापर्यंत: एक नमुना

आजींच्या प्रश्नानंतर आम्ही त्यांच्या पाड्यावर तीन संध्याकाळी बसलो. काय केले ते टप्प्याने सांगते, म्हणजे इतरांना वापरता येईल.

*मोजणी.* जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरवले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. एका खेपेला दोन हंडे म्हणजे सुमारे ३० लिटर धरले, तर दिवसाला नऊ खेपा झाल्या. चैत्रात झिऱ्याची धार बारीक होते, वाट बघत बसावे लागते. एक खेप ४० मिनिटांची धरली तरी सहा तास. अर्थात कोणीही नऊ खेपा करत नाही. तीन-चार खेपांत भागवतात. म्हणजे कमी पडते ते अंघोळीला, हात धुवायला आणि शौचालयाला. हा हिशेब बायकांनी खडे मांडून केला. तो पाहून घरातले पुरुष गप्प झाले.

*जोडणी.* मग विचारले, या सहा तासांचा आणखी कशावर परिणाम होतो? उत्तरे भराभर आली. सहावी-सातवीतल्या मुली उन्हाळ्यात शाळेत जात नाहीत. तान्ह्या बाळाला मोठ्या बहिणीकडे टाकून आई पाण्याला जाते, बाळाचे पाजणे चुकते. अंगणवाडीताईंनी सांगितले की दंडाच्या पट्टीवर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली जाणारी, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मुले त्यांना याच दिवसांत जास्त सापडतात. एक झिरा, पण त्यात पाण्याचे, शिक्षणाचे, आरोग्याचे, भुकेचे आणि स्त्रियांचे अशी पाच ध्येये एकत्र आली. ध्येये वेगवेगळ्या चौकोनांत रंगवलेली असली, तरी घरात ती एकाच चुलीपाशी भेटतात.

*उपाय.* तो गावानेच सांगितला. झिऱ्यातला गाळ काढून दगडी कुंड बांधायचे, वर झाकण आणि खाली भांडी धुण्यासाठी वेगळी जागा. गुरे आत येऊ नयेत म्हणून कुंपण. आणि झिऱ्याच्या वरच्या उतारावर समतल चर खणून झाडे लावायची, म्हणजे पावसाचे पाणी मुरेल आणि धार उन्हाळ्यात टिकेल. उतार कोणता, हे दाखवायला म्हातारी माणसे पुढे आली.

*तरतूद.* कुंडाचे काम बंधित निधीतून, चर रोजगार हमीतून, रोपे व राखण पेसा निधीतून अशी विभागणी ग्रामसेवकांच्या मदतीने ठरली. झिरा वनजमिनीवर असल्याने कलम ३(२) चा प्रस्ताव जोडला.

*ठराव.* ठरावात ठिकाण, काम, अंदाजे खर्च, निधीचे शीर्ष आणि कधीपर्यंत हे सगळे लिहिले. “पाण्याची सोय करावी” असा मोघम ठराव कोणालाच बांधत नाही. ठराव इतिवृत्तात उतरल्यावर वाचून दाखवायला सांगितला, आणि त्याची प्रत मागून घेतली.

*पाठपुरावा.* पहिल्या वर्षी काम आराखड्यात आले, पण मंजुरीला उशीर झाला आणि पावसाळा लागला. दुसऱ्या वर्षी चर झाले, नंतर कुंड. वेळ लागतो. पण आता राखण कोणी करायची हे पाड्याने आधीच ठरवलेले आहे. हातपंपाच्या वेळी ते ठरले नव्हते.

गावाचे वर्ष आणि कागदाचे वर्ष

इथे एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. आराखड्याच्या ग्रामसभा साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होतात आणि पुढे २६ जानेवारीपर्यंत चालतात. आपले लोक भातकापणी उरकून, दिवाळी करून वीटभट्टीवर किंवा बांधकामावर “जगायला” जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे जानेवारीच्या ग्रामसभेत ज्यांची गरज सर्वांत मोठी, तेच गैरहजर असतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि नोकरदार घरे.

म्हणून पाड्यांच्या बैठका भाद्रपद-आश्विनात, कापणीच्या आधी घ्याव्यात आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाड्याच्या मागण्या लेखी द्याव्यात. वेळ संध्याकाळची ठेवावी. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घेणे कायद्याने आवश्यक आहे; ती नुसत्या सह्यांवर होऊ देऊ नये. बैठकीची भाषा वारली, कोकणी, माडिया, जी घरात बोलतात ती असावी. प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की माना डोलतात, पण उत्तर येत नाही.

ज्यांनी करून दाखवले

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने आपला कारभार ग्रामसभेतून सर्वसहमतीने चालवला. निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी गावात अभ्यास गट बसतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले हे गाव २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक ठरले. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही ग्रामसभेच्या हाती आले. जागतिक ध्येये जाहीर होण्याच्या कितीतरी आधी इथे उपजीविका, जंगल आणि न्याय्य कारभार एकत्र नांदत होते.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा हे दुसरे उदाहरण. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी वृक्षतोडीवर स्वतःच निर्बंध घालून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले. पाणी परतले, शेती सुधारली. तिथली वनभाज्यांची स्पर्धा प्रसिद्ध आहे; पोषणाचे ज्ञान बायकांकडे आहे, हे ती स्पर्धा सर्वांसमोर मांडते. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दोन्ही गावांत साम्य एवढेच की आधी गाव एकत्र बसले, नियम स्वतः केले आणि स्वतः पाळले. सरकारी योजना नंतर आल्या व तिथे रुजल्या.

आपण काय करावे, काय करू नये

आपण माहिती पोचवावी, कागद वाचून दाखवावा, मोजणीला मदत करावी, अर्ज लिहून द्यावा, तालुक्याला सोबत जावे. सरपंच व ग्रामसेवक यांना शत्रू समजू नये. एका ग्रामसेवकाकडे पुष्कळदा एकाहून अधिक पंचायती असतात, हेही ध्यानात घ्यावे.

पण उपाय आपण ठरवू नये. सुंदर भाषेत आपण लिहिलेला ठराव मंजूर होतो, आणि त्याची राखण करायला कोणी येत नाही. देणगीदाराला आवडेल म्हणून एखादे काम गावावर लादू नये. आमच्या हातपंपाने हे शिकवले.

२०३० आता फार दूर नाही. सतरा ध्येये जगात कुठवर पोचतील, ते आपल्या हातात नाही. दहाव्या पाड्याचे नाव यंदाच्या आराखड्यात आहे की नाही, ते मात्र आपण पाहू शकतो. परवा त्या आजी भेटल्या. भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, “आता ह्याच्यात आमचा झिरा घाला.” सहाव्या चौकोनाखाली गावातल्या पोरांनी खडूने एक झरा काढला आहे. तो पावसात पुसला जाईल, पण इतिवृत्तातला ठराव राहील.

अभ्यास बैठकीसाठी

१. आपल्या ग्रामपंचायतीत एकूण पाडे किती? त्यांपैकी कोणत्या पाड्याचे एकही काम गेल्या तीन वर्षांच्या आराखड्यांत नाही?
२. नऊ प्रश्नांपैकी एक निवडा आणि एका पाड्यावर जाऊन उत्तर मोजून आणा. अंदाज चालणार नाही.
३. आपल्या भागातील किती टक्के घरे जानेवारीत गावाबाहेर असतात? त्यांची मागणी ग्रामसभेपर्यंत कशी पोचेल?
४. गेल्या वर्षीच्या पेसा निधीचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला का? नसेल, तर येत्या ग्रामसभेत तो कोण मागेल?
५. आपल्या संस्थेने केलेले असे एखादे काम आठवा, जे आज वापरात नाही. त्या वेळी कोणाला विचारायचे राहिले होते?